चार दाणे परत

शशीकाकूंचा फोन आला की मोबाइल कानापासून लांब धरावा लागायचा, आणि त्या समोर उभ्या असल्या तर आपणच थोडं मागे सरकायचं. टेलिफोन खात्यात त्यांनी उभी हयात ट्रंककॉल जोडण्यात घालवली होती. पलीकडचा माणूस जितका लांबचा तितका आपला आवाज मोठा, ही तिथली सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती. मुलुंडातल्या माणसाशी त्या साध्या आवाजात बोलायच्या. साधा म्हणजे तिसऱ्या मजल्यावरून खाली भाजीवाल्याला ऐकू जाईल असा. ठाण्याच्या माणसासाठी आवाज जरा चढायचा. आणि परदेशी माणूस, तो अगदी हाताच्या अंतरावर का उभा असेना, मुळात परदेशातला, म्हणून त्याच्याशी थेट ट्रंककॉल.

"हॅलो! मी शशी पेंडुरकर बोलतंय! मुलुंडाहून!"

तो बिचारा मुलुंडातच उभा असायचा.

आता मुलुंडात परदेशी माणूस आला कुठून, ते सांगते. आमच्या भागातलं सांस्कृतिक मंडळ दर मे महिन्यात मोठ्या मैदानावर जगभरच्या लोककलांचा महोत्सव भरवायचं. मे महिन्यात मुंबईत उघड्यावर लोकांना नाचायला बोलवावं, ही कल्पना ज्याला सुचली तो नक्की एसीत बसलेला असणार. पण हिवाळ्यात मैदान क्रिकेटला आणि लग्नांना दिलेलं, पावसाळ्यात तिथे तळं, म्हणून आमच्या वाट्याला उन्हाळा. बर्फाळ मुलखातली माणसं लोकरीचे अंगरखे घालून, घामाच्या धारांत ढोल बडवायची आणि आम्ही पहिल्या रांगेत पत्रिकेने वारा घेत "काय एनर्जी आहे ना यार" म्हणायचो. वारा फिरला की कांजूरमार्गच्या कचऱ्याची हवा मैदानावर यायची. एका पाहुणीने मला विचारलं, हा इथला पारंपरिक धूप आहे का? मी "हो, स्थानिक आहे" म्हणून मोकळी झाले.

मी तिथे दुभाषी होते. हसू नका. त्या सुमारास मी मोबाइलवर स्पॅनिश शिकायला घेतलं होतं. 'मी सफरचंद खाते', 'मांजर दूध पिते', 'माझे काका वकील आहेत' इथपर्यंत मजल गेली होती. मंडळाच्या अध्यक्ष प्रधानबाई आमच्याच बिल्डिंगमधल्या. त्यांनी सभेत विचारलं, परकी भाषा कोणाला येते? माझा हात वर. हा माझा हात फार आगाऊ आहे, डोक्याला न विचारता वर जातो. इंग्रजी बोलणारे तर होतेच सगळे, पण स्पॅनिश म्हटल्यावर सभेत जरा कुजबुज झाली, आणि माझी कॉलर ताठ. घरी येऊन समोरच्या दारी शशीकाकूंना बातमी दिली.

"मग मी पण येतंय तुझ्याबरोबर," काकू म्हणाल्या. "परमुलखाचे पावणे आपल्या दारात येतले आणि आपण बघत बसूचा?"

मला वाटलं, येतील, खुर्चीवर बसतील, टाळ्या वाजवतील. पण त्या कलाकारांच्या खोलीत शिरल्या. खोली म्हणजे शेजारच्या शाळेचा वर्ग. फळ्यावर अजून अपूर्णांक तसेच, आणि बाकांवर कुठल्याशा थंड देशातल्या ढोलवाल्या बायका पाय सोडून बसलेल्या. काकूंच्या हातात त्यांची चौकटीची कापडी पिशवी होती. त्यातून त्यांनी तांदळाचा डबा काढला, नारळ काढले, खण, सुपाऱ्या आणि हळदीकुंकवाची कोयरी. मी बघतच राहिले.

"काकू, हे काय?"

"ओटी भरतंय. बायमाणूस दारात इला, रिकाम्या पदरान जाता नये."

पदर कुठून आणणार त्या? एकीने एप्रन पसरला, एकीने शाल, एकीने चक्क टोपी उलटी धरली. काकूंचं काहीच अडलं नाही. टोपीत तांदूळ, टोपीत नारळ, कपाळावर कुंकू. अडलं माझं. आता याचा अर्थ इंग्रजीत सांगायचा होता. मी कुठेकुठे वाचलेलं झाडून सगळं त्या बायकांच्या अंगावर ओतलं. ही सुफलतेची पूजा आहे, यातून गर्भाशयाला आशीर्वाद मिळतो, वगैरे वगैरे. समोरच्या बाईंचे केस पांढरेशुभ्र, त्या बहुधा पणजी झालेल्या. त्यांनी घाबरून नारळ पोटापासून लांब धरला.

"काय सांगितलंस गो तिका?"

"आपली संस्कृती सांगितली."

"मग ती भियाली कित्याक?"

मी फळ्यावरचे अपूर्णांक वाचायला लागले.

ओटी भरून झाली की काकूंचा एक नियम होता. घेणारीने ओटीतले चार दाणे देणारीच्या ताटात परत टाकायचे. सगळं घेऊन जायचं नाही, देणारीचं घर रिकामं होता कामा नये. हे त्या हातवारे करून आणि ट्रंककॉलच्या आवाजात शिकवायच्या, "चार दाणे परत!" त्या पणजीबाईंनी ऐकून सगळी ओटीच परत ताटात उपडी केली. आधीच भ्यालेल्या, त्यांना सुटका झाल्यासारखं वाटलं असणार. काकूंनी ती पुन्हा भरली. दाणे परत कसे टाकायचे ते त्यांचा हात धरून दाखवलं आणि समोर कोणी अजून रिकामं राहिलंय का ते बघायला लागल्या.

पुढच्या वर्षी तर कहर झाला. डोंगराळ मुलखातला नाचणाऱ्यांचा चमू आला होता, त्यांच्यात बायका आणि पुरुष दोघेही घेरदार झगे घालायचे. त्यातला बासरीवाला पोरगा नाजूक, गुळगुळीत चेहऱ्याचा, केस कमरेपर्यंत. मी पाणी आणायला गेले आणि परत येऊन बघते तर तो आपला झगा दोन्ही हातांनी पसरून उभा आणि काकू त्यात नारळ ठेवतायत. कपाळावर मळवट भरल्यासारखं कुंकू.

मी धावले. "काकू, वाट लागली! तो पुरुष आहे!"

काकूंनी त्याच्याकडे वर-खाली पाहिलं. "बरां. मग आता नारळ परत घेव? रिकामो गेलो तर तेची आई काय म्हणात?"

पोरगा खूश होता. चार दाणे त्याने न सांगता परत टाकले. दुसऱ्या दिवशी खण डोक्याला बांधून नाचला, आणि काकू खुर्चीवर उभ्या राहून, "तो बघ, माझो खण!" असं अख्ख्या मैदानाला सांगत होत्या. त्या दिवसापासून त्यांनी बाई-पुरुष हा फरक सोडून दिला. कोणीही या, काहीही पसरा.

इथवर हसत सांगता येतं. पुढचं तसं नाही. शशीकाकू विधवा होत्या. मुलगा शाळेत होता तेव्हाच पेंडुरकर गेले. आमच्या बिल्डिंगमध्ये संक्रांतीला आणि चैत्रात प्रधानबाईंकडे हळदीकुंकू असायचं, तेव्हा मजल्यावरच्या सगळ्या दारांची बेल वाजायची, काकूंची नाही. यात दुष्टावा होता असं नाही. उलट "उगाच त्यांना अवघडल्यासारखं नको" असं सगळ्याजणी फार प्रेमाने म्हणायच्या, आणि चैत्रात आंबेडाळीचा डबा मागाहून न चुकता पाठवायच्या. त्या दिवशी बायका नटूनथटून पुढच्या गेटजवळच्या बाकावर गप्पा मारत बसायच्या, म्हणून काकू ये-जा मागच्या गेटने करायच्या. कोणी सांगितलं नव्हतं. पुढे त्या गेटची त्यांना सवयच झाली, कोणीही बाकावर दिसलं की पाय आपोआप मागे वळायचे.

आणि मी? मी पुरोगामी. असल्या प्रथा मी मानत नाही असं जाहीर करून मी हळदीकुंकवाला जायचे नाही. संक्रांतीचं वाण मात्र घरपोच यायचं आणि मी ते ठेवून घ्यायचे, कारण वाटी चांगली जाड स्टीलची असायची. समोरच्या दारात वाटी का जात नाही, हा प्रश्न माझ्या पुरोगामी डोक्यात बरीच वर्षं शिरलाच नव्हता.

मैदानावर मात्र काकूंचं राज्य होतं. मे महिन्यातल्या त्या दिवसांसाठी त्या वर्षभर खण जमवायच्या. एकदा ताट आवरताना सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "नीता, हंय माझो हात सवाष्णीचो काय म्हणान कोण विचारत नाय गो." त्यांचं सगळं सुख त्या एका गोष्टीत होतं, हे मला तेव्हा कळलं. उशिरा कळलं, पण कळलं.

मग आली रोसा. पेरूच्या डोंगरातल्या गाणाऱ्यांची म्होरकी, काकूंच्याच वयाची, ठेंगणी, दोन वेण्या, एकावर एक घातलेले परकर आणि पाठीला बांधलेलं रंगीत विणलेलं कापड. ती फक्त स्पॅनिश बोलायची. माझा सुवर्णक्षण! मी पुढे झाले आणि स्वच्छ उच्चारांत तिला सांगितलं की माझे काका वकील आहेत. तिने सहानुभूतीने माझा हात दाबला.

"विचार तिका, घोव काय करता?" काकू म्हणाल्या.

मी तिला नवऱ्याबद्दल विचारलं. रोसा काहीतरी हळू बोलली. त्यातला 'जमीन' तेवढा मला कळला. मी ऐटीत म्हणाले, "शेतकरी आहे. जमिनीत असतो."

काकू माझ्याकडे बघतही नव्हत्या. त्या रोसाचा हात बघत होत्या. तिने बोलताना तळवा जमिनीकडे करून हळूच खाली नेला होता आणि मग तो छातीवर ठेवला होता.

"शेतकरी खंयचो? गेलो तो," काकू म्हणाल्या. मग त्यांनीही आपला तळवा तसाच खाली नेला आणि छातीवर ठेवला. दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. बाहेर कोणीतरी माइक टेस्टिंग करत होता.

काकूंनी कोयरी उघडली.

"काकू, पण तिला... चालतं का?" हा प्रश्न मी विचारला. मीच ती, पुरोगामी.

"आम्ही दोघी बघून घेव. तू मधी पडू नको."

रोसाने पाठीवरचं कापड सोडून पसरलं. कुंकू, खण, नारळ, ओंजळभर तांदूळ. "चार दाणे परत!" रोसाने खुणेने विचारलं, का? काकूंनी आधी तिच्याकडे बोट दाखवलं, मग स्वतःकडे, मग पुन्हा तिच्याकडे. हे मला कोणी भाषांतर करायला सांगितलं नाही, बरं झालं.

पुढच्या वर्षी रोसा पुन्हा येणार असं कळल्यावर काकू भलत्याच हुरळल्या. नवा इरकली खण आणला, गावाहून नव्या तांदळाची गोणी मागवली. पण तोवर ओटीचा बोलबाला झाला होता. झग्यात नारळ घेतलेल्या बासरीवाल्याचा फोटो लोकांनी मोबाइलवर इतका फिरवला, की मंडळाने ठरवलं, समारोपाला स्टेजवरच ओटीचा सोहळा करायचा. झकास कल्पना. मग प्रधानबाईंनी मला बाजूला घेतलं.

"नीता, काय आहे ना, स्टेज आहे. पाहुणे येणार, लोक बघणार. सवाष्णीच्या हातून झालेलं बरं. तूच भर ना ओटी. आणि काकूंना तू सांग. दुभाषी आहेस ना तू!"

एरवी न विचारता वर जाणारा माझा हात त्या दिवशी मांडीवर गप्प पडून राहिला. काकूंकडे गेले आणि ततपप सुरू केलं. या वर्षी मंडळाने रोटेशन ठेवलंय, सगळ्यांना संधी, तुम्हालाही दगदग, स्टेजचे जिने उंच...

काकूंनी माझं होल्डवर ठेवल्यासारखं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "बरां. सामान मी भरून देतंय. तांदूळ चाळलेले आसत."

हे त्या इतक्या हळू बोलल्या की ऐकायला मला पुढे वाकावं लागलं. इतकी वर्षं शेजारी राहून असं पहिल्यांदाच झालं. मला माझी खरंच लाज वाटली. पण लाज वाटणं आणि तोंड उघडणं यात माझ्या बाबतीत बरंच अंतर असतं.

समारोपाच्या संध्याकाळी मी पैठणी नेसून, नथ घालून स्टेजवर. नथ प्रेसची, श्वास घेतला की सुटायची. खाली मैदान गच्च भरलेलं. समोर रोसा कापड पसरून उभी, आणि मला ऐन वेळी आठवलं की मी आयुष्यात कोणाची ओटी भरलेलीच नाही. मी आधी तांदूळ घातले. मग आठवलं, कुंकू राहिलं. कुंकू लावायला वाकले तर ताट कलंडलं, नारळ सुटला, स्टेजभर गडगडत गेला आणि थेट स्पीकरवाल्याच्या पायावर. तो माइकसमोर जे बोलला ते पारंपरिक होतं, पण छापण्यासारखं नाही. लोक हसले. माझी नथ तांदळात पडली.

रोसा हसली नाही. ती माझ्या खांद्यावरून मागे बघत होती. "शशी?" तिने विचारलं. माइक चालू होता, सगळ्या मैदानाने ऐकलं.

मी मागच्या रांगेकडे बोट केलं. कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, रिकामी पिशवी मांडीवर घेऊन काकू बसल्या होत्या.

चार दाणे परत टाकायची वेळ झाली, मी ताट पुढे केलं. रोसाने चिमूटभर तांदूळ उचलले, ताटाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि मूठ मिटली. मग ओटीचं कापड सावरत ती स्टेजचे जिने उतरली. प्रधानबाई माइकवर "पाहुण्यांनी कृपया स्टेजवरच..." म्हणत राहिल्या. मी ताट घेऊन रोसाच्या मागे. वाटेत स्पीकरवाल्याने नारळ माझ्या ताटात ठेवला, जरा जोरातच.

रोसा काकूंपुढे उभी राहिली आणि मूठ उघडली. ज्या बाईने तिला ओटी दिली होती, तिलाच ते दाणे परत द्यायचे होते. तिच्या लेखी ती बाई मी नव्हतेच.

काकू ताडकन उभ्या राहिल्या आणि हात आडवे केले. "नको गो! माका चलत नाय! माझो घोव गेलो!"

ट्रंककॉलचा आवाज होता तो. जे सगळ्यांना माहीत होतं आणि ज्याचा उच्चार कोणी कधी केला नव्हता, ते पहिल्या रांगेपर्यंत खणखणीत ऐकू गेलं. प्रधानबाईंनी माइक खाली घेतला.

रोसाने तळवा जमिनीकडे नेला. मग छातीवर ठेवला. मग तोच तळवा काकूंच्या छातीवर ठेवला, आणि वाट बघत उभी राहिली.

काकूंचे हात अजून आडवेच होते. मला वाटलं, आता त्या पिशवी उचलून निघून जातील. मी मनात म्हणत होते, काकू, घ्या ना, प्लीज घ्या. त्यांनी हात खाली घेतले, खांद्यावरचा पदर पुढे ओढला आणि पसरला.

रोसाने आधी ते चार दाणे घातले. मग कापडातले सगळे तांदूळ. माझ्या ताटातला खण आणि नारळ उचलून ठेवले, कोयरीत बोट बुडवलं आणि काकूंच्या कपाळावर कुंकू लावलं. भलंमोठं, एका बाजूला कललेलं. काकू डोळे मिटून उभ्या होत्या. मी रडले. ओक्साबोक्शी, पैठणीला नाक पुसत. काकूंनी डोळे उघडले, पदरातले चार दाणे चिमटीत घेऊन रोसाच्या हातावर ठेवले आणि ओरडल्या, "चार दाणे परत!"

तेव्हा कुठे टाळ्या पडल्या. आधी कोणी वाजवल्या माहीत नाही. मी नाही, माझ्या हातात ताट होतं.

नंतर आमची बिल्डिंग पाडायला घेतली. आम्ही भाड्याच्या घरात पांगलो, काकू मुलाकडे कुडाळला गेल्या आणि तिथेच वारल्या. जाते जाते म्हणत माझं भेटायला जायचं राहून गेलं. त्यांची आठवण आली की डोळ्यांसमोर येते ती समारोपाच्या संध्याकाळची, घरी परततानाची वेळ.

मी पिशवी घेऊन पुढे चालत होते आणि काकूंबरोबरच्या सवयीने मागच्या गेटकडे वळले. 

"थंय खंय चललंस?" मागून आवाज आला.

काकू पुढच्या गेटने आत शिरत होत्या. एका हाताने पदर गच्च धरलेला, कपाळावर कुंकू तसंच, घामाने जरा ओघळलेलं. बाकावर बिल्डिंगमधल्या बायका दाटीवाटीने बसल्या होत्या, आमच्याआधी मैदानावरून परतलेल्या. काकू त्यांच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"काय गो बायांनो, जेवलात काय?"

समोरच्या बिल्डिंगमधल्या एका खिडकीतून कोणीतरी "नाही अजून" म्हणालं. बाकावर जरा चुळबुळ झाली. मग प्रधानबाई एका अंगाने सरकल्या, त्यांच्यामुळे पलीकडची सरकली. काकू पदर सावरत मधोमध बसल्या. मी पिशवी घेऊन उभीच राहिले. जागा एकीपुरतीच झाली होती.